कासारसाईचें तळें आणि पाणबुडीची शाळा

पुण्याहून पश्चिमेस हिंजवडीच्या वाटेनें निघालें म्हणजे कांचेच्या उंच इमारती हळूहळू मागें पडतात, रस्ता अरुंद होतो आणि दोहों बाजूंस उंसाचे फड दिसूं लागतात. थोड्याच वेळांत मुळशी तालुक्यांतील कासारसाई हें गांव आणि तेथील धरणाचें विस्तीर्ण पाणी नजरेस पडतें. हें पाणी पाहावयाचें तर पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकांत पाहावें. सभोंवार हिरव्या टेकड्या, कांठावर बगळे, आणि वारा पडला म्हणजे आकाश जसेंच्या तसें खालीं उतरलेलें. सुटीच्या दिवशीं शहरांतील तरुण मंडळी येथें नौकाविहारास येतात व कांठीं तंबू ठोकून राहतात. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं कासारसाई-दारुंब्रें येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे उंसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि वाऱ्यावर मळीचा वास येऊं लागतो.

गांवाच्या नांवाची एक मौज सांगण्यासारखी आहे. 'कासार' म्हटलें कीं मराठी माणसास बांगड्या भरणारा कासार आठवतो. अमरकोश पाठ केलेल्या माणसास मात्र निराळेंच आठवतें. तेथें 'कासार' हा तळ्याच्या पर्यायांत दिलेला आहे. गांव जुनें आणि धरण अलीकडचें, तेव्हां नांवाची व्युत्पत्ति ह्या तळ्यांत शोधूं नये हें उघडच आहे. तथापि नांवास शोभेल असें पाणी मागाहून गांवास लाभावें, हा योग रसिकांस आवडल्यावांचून राहणार नाहीं.

हें तळें समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. येथील माणसास त्याची आठवण व्हावयाची ती जेवतांना मीठ वाढून घेतेवेळीं. असें असतां ह्या गांवांतील माझ्या एका स्नेह्यांच्या नातवानें बारावीची परीक्षा होतांच घरांत जाहीर केलें कीं, आपण नौदलांत जाणार, आणि तेथेंही पाणबुडीवरील इलेक्ट्रॉनिक्स यंत्रांचा कारागीर होणार. घर एकत्र, चूल एक. मतें मात्र जितकीं माणसें तितकीं. काका म्हणाले, "हिंजवडी दाराशीं असतां ह्यानें समुद्राच्या तळाशीं नोकरी कां शोधावी?" आत्याबाईंना वाईट वाटलें तें ह्याचें कीं, इतका हुशार मुलगा अधिकारी न होतां हातांत पकड आणि पान्हा घेणार. आजी तर मला स्पष्टच म्हणाल्या, "मास्तर, बोटीवर जातों म्हणाला असता तर मीं एक वेळ होकार दिला असता. पण हा पाण्यावर नाहीं, पाण्याखालीं जायचें म्हणतो!"

"वहिनी," मीं म्हटलें, "न पाहिलेल्या गोष्टीची भीति मोठी असते. आधीं ती शाळा कसली आहे तें तरी समजून घेऊं." त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें आणि हिंडलों, तें येथें सांगतों; कारण ह्याच शंका उद्यां आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं निघतील.

प्रथम सर्वांत जवळचें स्थळ घेऊं. कासारसाईहून सोमाटण्याच्या बाजूनें जुन्या मुंबई रस्त्यास लागावें आणि पश्चिमेस लोणावळ्यास जावें. तेथें भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाची 'शिवाजी' नांवाची संस्था आहे. डोंगरमाथ्यावर नौदल कसें, असें नवख्यास वाटतें. पण ही शाळा सन १९४५ च्या फेब्रुवारींत, दुसरें महायुद्ध चालूं असतांच, येथें उभी राहिली, आणि जहाजांच्या एंजिनांची विद्या शिकविण्याचें तिचें काम आजतागायत चालूं आहे. आग लागल्यास ती कशी विझवावी आणि जहाजांत पाणी शिरल्यास तें कसें थोपवावें, ह्याचेंही शिक्षण लोणावळ्यासच मिळतें. नौदलाची एक रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. किनाऱ्यावरील शाळेसही तें जहाजच समजतें, जहाजासारखें नांव देतें आणि जहाजाचीच शिस्त लावतें. म्हणून लोणावळ्याच्या धुक्यांत नांगर टाकून बसलेल्या ह्या जहाजास कधीं समुद्राचा थेंब लागला नसला, तरी तेथून निघालेलीं मुलें सातासमुद्रांवर जातात.

आपल्या मुलाची वाट मात्र विजेची व इलेक्ट्रॉनिक्सची. ती पूर्व किनाऱ्यापासून सुरू होते. सन २०२२ पासून नाविकांची भरती अग्निवीर योजनेंतून होते. बारावीस गणित व पदार्थविज्ञान घेतलेल्या मुलास परीक्षा, धावणें आणि कसोशीची वैद्यकीय तपासणी ह्यांतून जावें लागतें. नेमणूक चार वर्षांची असते व त्यानंतर शेंकडा पंचवीसपर्यंत मुलांसच कायम ठेवतात, ही गोष्ट घरच्या वडील मंडळींनीं आधींच समजून असावी. ती लपवून दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे. निवड झालेलीं मुलें ओरिसांत चिल्का सरोवराच्या कांठीं असलेल्या शाळेंत जातात. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीनें मार्च २०२३ मध्यें तेथील शिक्षण पुरें केलें, आणि त्या तुकडींत मुलीही होत्या. कवाईत, पोहणें, वल्हविणें, पहाटे उठणें आणि आपले कपडे आपण धुणें हे येथील पहिले धडे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास पहिले तीन जड जातात. चवथा तर फारच.

चिल्क्यानंतर विजेचा विद्यार्थी देशाच्या दुसऱ्या टोंकास, काठेवाडांत जामनगरला जातो. तेथील 'वलसुरा' ही संस्था सन १९४२ च्या डिसेंबरांत पाणतीरांचें, म्हणजे टॉर्पेडोचें, शिक्षण देण्यासाठीं निघाली. पुढें वीज व इलेक्ट्रॉनिक्स हेंच तिचें मुख्य क्षेत्र झालें, आणि मार्च २०२२ मध्यें तिला राष्ट्रपतींचें निशाण मिळालें. रोधक कसा ओळखावा, मंडल कसें मोजावें, डाख कसा द्यावा, आणि बिघाड शोधतांना ठोकताळ्यानें न जातां एकेक शक्यता क्रमानें कशी दूर करावी, हें अशा शिक्षणाचें मूळ. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसास ह्यांत अनोळखी असें कांहींच वाटणार नाहीं. धूर दिसला म्हणून अग्नि मानावयाचा, पण तो धूरच आहे कीं धुकें, हें आधीं निश्चित करावयाचें! हातांत पान्हा घेणें म्हणजे विद्या सोडणें असें समजणाऱ्या आत्याबाईंना मीं हेंच सांगितलें. येथें हात चालतो तो बुद्धीच्या मागून.

पाणबुडीची खरी शाळा ह्याच्याही पुढें, विशाखापट्टणास. सन १९७४ पासून चाललेल्या ह्या संस्थेचें नांव 'सातवाहन'. तें नांव मीं प्रथम ऐकलें तेव्हां मला मोठा आनंद झाला. सातवाहन म्हणजे आपल्या मावळाचे जुने राजे. कासारसाईच्या जवळच घोरावडेश्वराच्या टेकडीवर जुनीं लेणीं आहेत. पलीकडे बेडसें, आणि इंद्रायणीच्या खोऱ्यांत कार्ल्याचा तो भव्य चैत्य. कार्ल्याच्या लेखांत सातवाहन राजाचें नांव आहे, आणि खांब दान करणाऱ्यांत यवनही आहेत. म्हणजे ह्या डोंगरी वाटांवर समुद्रपारचा व्यापार त्या काळीं चालत होता. नाशिकच्या शिलालेखांत गौतमीपुत्र सातकर्णीचें वर्णन करतांना त्याच्या वाहनांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें होतें असें म्हटलें आहे, आणि पुढच्या सातवाहनांच्या कांहीं नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आढळतें. मध्यंतरीं आम्हीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें आणि समुद्राकडे पाठ फिरविली, ही गोष्ट निराळी. ती पाठ फिरविणें हा आपला मूळ स्वभाव नव्हता, एवढेंच ह्या नांवावरून ध्यानांत घ्यावें.

विशाखापट्टणाची शाळा बाहेरच्या माणसास पाहावयास मिळत नाहीं. पण तेथील रामकृष्ण किनाऱ्यावर 'कुरसुरा' नांवाची खरीखुरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे, ती कोणासही तिकीट काढून पाहतां येते. रशियांत बांधलेली ही पाणबुडी डिसेंबर १९६९ मध्यें आपल्या नौदलांत आली, १९७१ च्या युद्धांत होती, फेब्रुवारी २००१ मध्यें निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. जगन्नाथपुरीहून परततांना आम्हीं घरच्या मंडळींसह ती पाहिली. लांबी सुमारें ९१ मीटर. पण आंत शिरल्यावर ती लांबी कोठें जाते कळत नाहीं. एका भागांतून दुसऱ्या भागांत जावयास वाटोळें दार, त्यांतून एक पाय, मग डोकें, मग दुसरा पाय असें जावें लागतें. दोन्ही बाजूंस नळ, झडपा, घड्याळांसारखीं मापकें आणि तारांच्या जाड जुड्या. निजावयाच्या फळ्या एकीवर एक. स्वयंपाकघर आमच्या देवघराहून लहान! बिनतारी यंत्रांची खोली पाहून माझी सून म्हणाली, "मामंजी, एवढ्या जागेंत तर आपलें कपडेलत्त्यांचें कपाटही मावणार नाहीं." तेवढ्या जागेंत बसून एका माणसानें संबंध पाणबुडीचा कान व्हावयाचें असतें.

कान हा शब्द मीं अलंकारासाठीं वापरलेला नाहीं. पाण्याखालीं डोळ्यांचा उपयोग नाहीं, आणि रडारच्या लहरी पाण्यांत शिरत नाहींत. तेथें चालतो तो ध्वनि. लहानपणीं विहिरींत पोहलेल्यांस एक खेळ आठवत असेल. एकानें पाण्याखालीं दोन दगड एकमेकांवर आपटावयाचे आणि दुसऱ्यानें पलीकडच्या कोपऱ्यांत बुडी मारून ऐकावयाचें. आवाज कानाशीं झाला असा स्पष्ट येतो. मात्र तो कोणत्या बाजूनें आला तें कांहीं केल्या कळत नाहीं. ह्याचें कारण असें कीं, हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यांत सुमारें १५०० मीटर. इतक्या वेगानें तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो व मनुष्याचा दिशेचा अंदाज चुकतो. ही उणीव भरून काढतें तें सोनार नांवाचें यंत्र. त्याचे पुष्कळसे 'कान' पाणबुडीच्या अंगावर निरनिराळ्या जागीं बसविलेले असतात, आणि एकाच आवाजास प्रत्येकापाशीं पोंचण्यास लागलेल्या वेळांतील सूक्ष्म अंतरावरून यंत्र दिशा काढतें. त्यांतही समुद्र सरळ वागत नाहीं. वरचें पाणी ऊन, खालचें गार. ह्या थरांतून जातांना ध्वनि वांकतो, आणि कधीं कधीं जवळचें जहाजही ऐकूं येत नाहीं. यंत्र खोटें बोलतें कीं समुद्र फसवितो, हें ओळखणें आणि यंत्र खोटें बोलूं न देणें, हें आपल्या कारागिराचें काम.

ह्या कामाचा पसारा मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या नव्या पाणबुड्यांवरून कळेल. त्यांतील पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्यें नौदलांत आली. दुसरी, सप्टेंबर २०१९ ची, 'खांदेरी'. सन १६७९ मध्यें शिवाजीमहाराजांनीं ज्या बेटावर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून दुर्ग बांधावयास घेतला, त्याचेंच हें नांव. 'कलवरी'ची लांबी सुमारें साडेसदुसष्ट मीटर. एवढ्या देहांत सुमारें ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर नळ बसविलेले आहेत. केबलचा पल्ला कासारसाईहून लोणावळ्यास पोंचूनही उरेल! पाण्याखालीं सर्व कांहीं चालतें तें बॅटरीवर. तिचे ३६० घट असून प्रत्येकाचें वजन ७५० किलो आहे; म्हणजे एकूण २७० टन. ह्या सर्वांवर माणसें अवघीं त्रेचाळीस-चव्वेचाळीस.

माणसें थोडीं, म्हणून पाणबुडीच्या शिक्षणाचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटला. तेथें 'हें माझें खातें नव्हे' असें म्हणण्याची सोय नाहीं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यासही प्रत्येक झडप, प्रत्येक नळ, हवेचा प्रत्येक कोठा ठाऊक असावा लागतो. आचाऱ्यासही आग विझवितां यावी लागते. वर्गांतील शिक्षण झाल्यावर प्रत्यक्ष पाणबुडीवर राहून, एकेक भाग हातानें शोधून, वरिष्ठांपुढें तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि ती उतरल्यावरच छातीवर डॉल्फिन माशांचा बिल्ला लागतो. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजीं रिगा बंदरांत आपल्या ताब्यांत आली. तिच्यासाठीं गेलेल्या आपल्या माणसांस आधीं रशियन भाषा शिकावी लागली आणि मग यंत्रें. आज ती विद्या आपल्याच किनाऱ्यावर मिळते, हा पालट एका पिढीच्या कष्टांचा आहे.

आतां आजींच्या भीतीकडे वळूं. ती भीति खोटी नाहीं. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं मुंबईच्या गोदींत 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा जण गेले. फेब्रुवारी २०१४ मध्यें मुंबईजवळच्या समुद्रांत 'सिंधुरत्न'वर आंतल्या आंत धूर कोंडून दोन तरुण अधिकारी मृत्यू पावले. बॅटरी भरली जात असतां तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चारवर गेलें कीं ठिणगी पुरते. म्हणूनच हवेंतील हा वायु मोजणारें लहानसें यंत्र बिनचूक ठेवणें हें तेथें एखाद्या पाणतीराहून कमी महत्त्वाचें नाहीं. चव्वेचाळीस घरांतलीं माणसें ज्याच्या डाखावर विसंबून झोंपतात, त्या कारागिरास हलका कसा म्हणावा?

संकटांतून निसटण्याचेंही शिक्षण आहे. सन २०२४ च्या सप्टेंबरांत 'सातवाहन' येथें 'विनेत्र' नांवाची सोय सुरू झाली. पांच मीटर उंचीचा पाण्याचा मनोरा आणि त्यास जोडलेला डुबकीचा हौद. बुडालेल्या पाणबुडींतून वर कसें यावें, तें येथें करून पाहावें लागतें. नांव ठेवणाऱ्यानें शिक्षक ह्या अर्थीं तें योजिलें आहे. 'विनेतृ' म्हणजे वळण लावणारा. 'विनय' शब्दही त्याच धातूचा. विद्येनें विनय येतो असें आपण मुलांकडून घोकून घेतों. पाण्याखालीं घाबरलेल्या मनास आवरून, आपली पाळी येईपर्यंत स्तब्ध राहणें, ह्याहून विनयाचा कठीण पाठ मला ठाऊक नाहीं.

शेवटची गोष्ट घरच्यांच्या परीक्षेची आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत साधी बिनतारी लहर शिरत नाहीं. अत्यंत दीर्घ लांबीच्या लहरी तेवढ्या कांहीं मीटर खोल जातात. त्या पाठविण्यासाठीं तामिळनाडूंत तिरुनेलवेली जिल्ह्यांत नौदलाचें 'कट्टबोम्मन' केंद्र सन १९९० पासून आहे. पाणबुडी खालून तो संदेश ऐकते, पण त्याच वाटेनें उत्तर पाठवूं शकत नाहीं. घराचेंही तसेंच. मुलगा खोल पाण्यांत असतांना दिवसचे दिवस ना पत्र, ना दूरध्वनि. अशा वेळीं एकट्या आईस दिवस कंठणें कठीण. दहा माणसांच्या घरांत तें सोसवतें. एकत्र कुटुंबाच्या कटकटी आपण पुष्कळ मोजतों, पण अशा नोकरीच्या पाठीमागें उभें राहण्यास त्यासारखें दुसरें बळ नाहीं.

कासारसाईच्या त्या घरांत शेवटीं होकार मिळाला तो माझ्या व्याख्यानानें नव्हे. सर्व ऐकून आजींनीं नातवास एवढेंच विचारलें, "तिथें तुझ्या चुकीनें दुसऱ्याचा जीव जाईल हें तुला कळलें ना?" तो म्हणाला, "कळलें, आजी. म्हणून तर नीट शिकावयास जातों." काका मग कांहीं बोलले नाहींत. सध्यां मुलगा जामनगरला आहे. बिल्ला अजून फार दूर आहे, आणि तो मिळेलच असें कोणीही सांगूं शकत नाहीं. आत्याबाई मात्र दर पत्रांत त्यास विचारतात, डाख देतांना हात भाजला नाहीं ना, आणि भाजलाच तर तूप लावूं नकोस, आधीं गार पाण्याखालीं धर.